उतारावरून बोट पाण्यात सोडताना: तुमचे अनुभव लिहा

ट्रॅव्हिसकाठी
काल लेकाने पहिल्यांदा एकट्याने ट्रेलर रॅम्पवर रिव्हर्स घेतला आणि मला आठ वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली. ऑस्टिनजवळचा लेक ट्रॅव्हिस, पाणी खूप खाली गेलेलं (तलाव भरला की ६८१ फुटांवर असतो, दुष्काळात बरेच रॅम्प बंदच करतात), जो चालू होता तो खाली चांगलाच उभा. मागे लाइन लागलेली म्हणून मित्राने घाईत वरच विंचचा पट्टा (बोट पुढून ट्रेलरला बांधून ठेवतो तो) सोडला, पुढची साखळीसुद्धा. मी ब्रेक मारला, ट्रेलर थांबला, बोट थांबली नाही. रोलरवरून सरकत थेट काँक्रीटवर. त्याची मुलगी लाइफ जॅकेटची चेन ओढत दोन हातांच्या अंतरावर उभी होती हो! तेव्हापासून मागचे पट्टे वर पार्किंगमध्ये काढतो, पण पुढचा पट्टा आणि साखळी बोट पाण्यात गेल्याशिवाय नाही म्हणजे नाही. तुमचंही लिहा, नवीन लोकांना उपयोग होईल.

मिशिगनची सुमा
बूच!!! बोटीच्या तळाशी पाणी काढायचं भोक असतं ना, त्याचं. आमचं ते लावायचं राहिलं. बोट छान उतरली, हा गाडी पार्क करायला गेला, मी धक्क्यावर दोरी धरून एकटी आणि बोटीत घोट्याएवढं पाणी. पोळ्या टाकतेय, नंतर लिहिते

खाडीपलीकडची
आमच्याकडे ट्रेलर वगैरे नाही, ओंडक्यांवरून ढकलतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि उधाणाच्या भरतीला ढकलायची म्हणजे कमी अंतर ओढावं लागतं. बाबा आधी सगळ्यांना ओरडून सांगतात, नाळीसमोर (होडीच्या पुढच्या टोकासमोर) कोणी नको, दोघांनी मागून दोर धरा. एका वर्षी वाळू पावसाने खचून उतार उभा झाला होता, काका ओंडका सरळ करायला पुढे वाकले आणि पाय ओंडक्याखाली आला. मी हातात आरतीचं ताट घेऊन उभी, ते तसंच वाळूत पडलं

ट्रॅव्हिसकाठी
अरे देवा. आता कसे आहेत काका?

घाटातला ड्रायव्हर
स्टीअरिंग खालून धरा, घड्याळात ६ असतात तिथे, हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर वळतो. खाली पोचलं की हॅन्डब्रेक ओढा, गिअर पार्कवर टाका आणि चाकाला उटी (अडकण) लावा, एस्टीचे कंडक्टर लावायचे तशीच. पाण्याच्या कडेला शेवाळ असतं तिथे टायर फिरतो नुसता. सीटबेल्ट काढून काचा खाली करून रिव्हर्स घ्या, गाडी पाण्यात गेलीच तर बाहेर पडता यायला हवं. ट्रेलरच्या लाइटचा प्लग काढा. आणि लांबून आला असाल तर चाकं आधी थंड होऊ द्या, गरम हब (चाकाचा मधला भाग) गार पाण्यात बुडाला की बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं

पुणेरी नावाडी
सुमाताई मिशिगनमध्ये कुठे? माझी बहीण लॅन्सिंगला असते, गणपतीला येतोय आम्ही

खाडीपलीकडची
काकांना दोन महिने प्लास्टर होतं, आता बरे आहेत. दोर तेच धरतात अजून, कोणाला देत नाहीत

मिशिगनची सुमा
झाल्या पोळ्या. बूच आता बोटीच्या किल्लीलाच बांधून ठेवतो, ते लावल्याशिवाय किल्ली हातात येतच नाही. @पुणेरी, लॅन्सिंगपासून तासभर, नक्की या, बहिणीला पण आणा