पाटल्या बँकेत आहेत, लग्नात एक ग्रॅमच्या घातल्या तर कळतं का?

तालुक्यातली_सून
पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे आणि माझ्या पाटल्या न तोडे दोन्ही बँकेत, दुकानात माल भरायला गोल्ड लोन काढलंय, घरात फक्त ह्यांना आणि मला माहितीये. जावा-नणंदांना माझे दागिने तोंडपाठ आहेत. मोकळ्या हातांनी गेले तर पंगत उठायच्या आत गावभर होईल. एक ग्रॅमचं घातलं तर ओळखू येतं का? आमच्याकडे हात धरून बघणाऱ्या आहेत.

नथ_आणि_नखरे
ताई लांबून नाही कळत पण हात लावला की कळतं, वजनच नसतं. शिवाय आपलं २२ कॅरेट वापरून वापरून जरा मवाळ दिसतं, हे नवं कोरं पिवळंधमक चमकतं, घ्यायचंच तर मॅट पॉलिश घ्या. पण मी म्हणते त्याच डिझाईनच्या मागे लागूच नका, सरळ मोत्यांचं घाला. पैठणीवर तन्मणी, चिंचपेटी, मोत्याच्या बांगड्या, नथ. मोत्याला कोणी तोळे विचारत नाही! मंगळसूत्र तेवढं सोन्याचं असू दे.

स्पष्ट_बोलतो
एवढं नाटक कशाला?? सरळ सांगा लोन काढलंय. २०२५ च्या एप्रिलात तोळा लाखाला टेकला तेव्हापासून निम्म्या मांडवात एक ग्रॅमच दिसतं, त्यात लाजायचं काय.

तालुक्यातली_सून
दादा लाजेचं नाहीये, आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, सिमेंट पत्रे सगळं उधारीवर येतं. हिचे तोडे गेले असं होलसेलवाल्याच्या कानावर गेलं की तो म्हणणार आधीचं क्लिअर करा मग गाडी पाठवतो, आणि तोच लग्नाला येणार, जावेचा मामेभाऊ लागतो. तुमचा पगार बायकोचे तोडे बघून होत नाही ना.

स्पष्ट_बोलतो
हां, हे नव्हतं डोक्यात.

रंकाळ्यावरचा
वहिनी, वजन हवं असेल तर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेल्या पाटल्या बघा, आमच्याकडे हुपरीला चांदीचंच काम चालतं. हाताला जड लागतात, पॉलिश उडालं तर परत मारून मिळतं. चांदीही काही स्वस्त राहिली नाही म्हणा. हळदीला घालू नका, घाम न सेंट लागून लवकर काळवंडतात. कोणी विचारलंच तर 'बँकेत ठेवल्यात' म्हणा, खोटंही नाही 😄 लोक लॉकर समजतात. पण लग्नाच्या गडबडीत व्याज थकवू नका हां, लिलावाची नोटीस पेपरात छापतात, कधीकधी नावासकट, आणि तालुक्यात तेवढंच पान सगळे वाचतात.

तालुक्यातली_सून
बाई गं, पेपरचं माहीतच नव्हतं, ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं, सोमवारी बँकेत जातायत. मोत्यांचं पटलं मला. जांभळ्या पैठणीवर पांढरे मोती बरे दिसतील की गुलाबी झाक असलेले?