पिल्लं घार नेते आणि आळ घुबडावर येतो. हाकलायचं कोणाला?

परसातला
देवरुखजवळ राहतो. मांगराच्या (शेतावरच्या खोपटाच्या) माळ्यावर तीन वर्षांपासून गव्हाणी घुबडाची जोडी आहे आणि परसात अकरा गावठी कोंबड्या. गेल्या महिन्यात नऊ पिल्लं निघाली, त्यातली पाच गेली. वाडीत सगळ्यांचं एकच म्हणणं: घुबडानं नेली, माळ्यावर धूर कर. आधीच अशुभ पाखरू, त्यात चोर!

मी धूर केला नाही. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळी करून ओकून टाकतं. माळ्याखाली अशा चौदा गोळ्या सापडल्या. पाण्यात भिजवून चिमट्यानं एकेक उकलली. उंदरांच्या कवट्या निघाल्या, केशरी पिवळ्या दातांसकट. दोन चिचुंद्र्यांच्याही होत्या. कोंबडीच्या पिल्लाचं एक पीस नाही. शिवाय रात्री आमची पिल्लं डालाखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, असतात. गेली ती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. शेवटची दोन तर माझ्यासमोर घारीनं उचलली.

माझं मत स्पष्ट आहे. घुबडाला हात लावायचा नाही आणि घारीच्याही मागे लागायचं नाही. पिल्लं सहा-सात आठवड्यांची होईपर्यंत डालून ठेवायची. घारीचं वजन किलोच्या आतलं, वाढलेली कोंबडी तिला उचलत नाही. संकट आहे ते तेवढ्या दीड महिन्याचं.

माहेरवाशीण
दादा, दीड महिना डालून ठेवायची म्हणजे दीड महिना खाद्य विकत आणायचं. गावठी कोंबडी परवडते ती वाळवी, किडे, खरकटं खाऊन स्वतः वाढते म्हणून. माझ्याकडे तीस आहेत आणि अंड्यांच्या पैशावर मुलीचा एसटीचा पास निघतो. कोंबडी एकवीस दिवस रवणावर, म्हणजे अंडी उबवायला, बसते, नंतर दोन महिने पिल्लांमागे फिरते. तेवढे दिवस अंडं नाही. एवढं करून दहातली तीन हाताला लागतात. बिबट्यानं शेळी मारली तर पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज करता येतो. घारीनं पिल्लू नेलं तर माझा पंचनामा कोण करणार? पाखरं जपायचं पुण्य सगळ्यांचं आणि पिल्लं फक्त माझी, हे मला पटत नाही.

पुरंदरकर
ताई, तुमचं गणित खरं आहे. पण घुबड त्या गणितात तुमच्या बाजूनं आहे. खुराड्यातलं खाद्य फस्त करणारा, लहान पिल्लं ओढून नेणारा उंदीर आणि घूस तेच मारतं. आमच्या तालुक्यात पिंगोरीला पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या इला फाउंडेशननं 2018 साली उलूक उत्सव भरवला. शाळेच्या मुलांनी घुबडाची चित्रं काढली. ज्या गावात घुबड दिसलं की दगड उचलायचे, तिथे हे घडलं. एक मात्र हात जोडून सांगतो, उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं.

गोफणवाला
घुबडाचं ठीक. घार आणि शिक्रा (लहान ससाण्यासारखा शिकारी पक्षी) यांचं काय? आमच्याकडे माडावरचं घारीचं घरटं शेजाऱ्यांनी पाडलं. दोन वर्षं शांतता होती. गोफणीनं हुसकावलं तर त्यात काय चुकलं?

पुरंदरकर
हुसकावणं वेगळं, घरटं पाडणं वेगळं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घार, शिक्रा, घुबड सगळ्यांना संरक्षण आहे, अंडी-घरट्यांसकट. आणि तुम्हीच म्हणता, दोन वर्षं. म्हणजे तिसऱ्या वर्षी दुसरी जोडी आलीच ना?

खालची वाडी
आमच्या चार कोंबड्या एका रात्रीत मेल्या, मुंडकी खाल्लेली. सगळे म्हणाले हुमा घुबड. सकाळी चिखलात पावलं पाहिली तर उदमांजराची. खुराड्याच्या दाराला चार बोटं फट होती. फळी ठोकली, त्यानंतर एकही गेली नाही. ज्यांच्या कोंबड्या रात्री फणसावर बसतात त्यांनी मात्र सावध राहावं. हुमा मोठं पाखरू आहे, झोपलेली कोंबडी नेऊ शकतं. तिथे दोष आपल्या आळसाचा.

कोंबडीचं ओरडणंही ऐकत जा. वर घार दिसली की एकच लांब घोगरा सूर काढते आणि पिल्लं जागच्या जागी दबतात. कुत्रा किंवा मुंगूस असेल तर तुटक तुटक कॉक-कॉक चालू राहतं. चोर कुठल्या वाटेनं आला हे तीच सांगते.

परसातला
माहेरवाशीण ताई, खाद्याचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, मान्य. मग डालण्याऐवजी असं करून पाहाल का? मासेमारीचं जुनं जाळं रत्नागिरीत स्वस्तात मिळतं. गोठा ते गडगा (दगडी कुंपण) असं डोक्याइतक्या उंचीवर ताणायचं. खाली पिल्लं मोकळी चरतील, वाळवीची ढेकळं आणून टाकता येतील. जाडं सूत घ्या आणि ताणून बांधा. सैल, बारीक नायलॉनच्या जाळ्यात गव्हाणी घुबड अडकून पंख मोडून घेतं, मी एक सोडवलंय. जाळं नसेल तिथे तुरीच्या नाहीतर अळूच्या झुडपांची दाटी राहू द्या, पिल्लांना पळायला जागा हवी. परसातल्या झाडावर कोतवाल पक्ष्याचं घरटं असेल तर ते झाड तोडू नका. तो घारीच्या पाठीवर चोची मारत तिला वाडीबाहेर घालवतो.

माहेरवाशीण
कोतवाल आहे आमच्या शेवग्यावर. विणीच्या दिवसांत तो खरंच राखण करतो, एरवी नाही. जाळ्याचं बघते, दिराला बाजारात सांगितलंय. दोन कोंबड्या रवणावर आहेत, पुढच्या आठवड्यात पिल्लं निघतील. एकीची जाळ्याखाली ठेवीन, दुसरीची नेहमीसारखी मोकळी सोडीन. दोन महिन्यांनी दोन्हीकडची मोजून इथे आकडा सांगते. जाळ्याखालचीही गेली, तर मात्र तुम्ही मला पुन्हा डालून ठेवा म्हणू नका.