मोरबेचे दरवाजे आणि सोसायटीचा ग्रुप: आधी तपासावं की आधी कळवावं?

नेरूळवाला
मागच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: "मोरबे धरणाचे दरवाजे उघडलेत. पहाटेपर्यंत नेरूळ-बेलापूरमध्ये पाणी शिरणार. गाड्या पाम बीचच्या बाजूला नेऊन लावा. जास्तीत जास्त लोकांना कळवा." सोबत व्हिडिओ. अर्ध्या तासात निम्मी सोसायटी चाव्या घेऊन खाली.

मोरबे खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. दरवाजे उघडले की पाणी धावरीतून पाताळगंगेकडे जातं. आपल्याकडे मोरबेचं पाणी येतं ते भोकरपाड्याला शुद्ध होऊन, पाइपलाइनने. नळातून पूर यायचा कसा? व्हिडिओत तर मागे एक माणूस चक्क कानडीत बोलतोय. पण सेक्रेटरींनी टाकलाय म्हटल्यावर खराच! पाठवणारा कोण हे आपण बघतो, लिहिलंय ते घडू तरी शकतं का हे बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: खात्री नसेल तर पुढे पाठवू नये. "सावध असलेलं बरं" म्हणूनसुद्धा नाही.

तळमजला
तुम्ही कितव्या मजल्यावर राहता हो? सातव्या मजल्यावरून नकाशे बघायला सगळ्यांनाच जमतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांना वेळेत कुणी सांगितलं होतं? मेसेज खोटा निघाला तर माझी झोपमोड. खरा निघाला आणि मी गप्प बसलो, तर आईचा पलंग पाण्यात. अधिकृत सूचना येईपर्यंत फ्रिजखाली पाणी आलेलं असतं. मी तर कळवणारच.

खाडीकाठ
झोपमोडीचं सोडा, गाड्या कुठे न्यायला सांगितल्या ते बघा. पाम बीचला! म्हणजे खाडीच्या अंगाला.

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने धारण तलाव बांधले, आपण ज्यांना होल्डिंग पाँड म्हणतो ते. भरतीला झडपा मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही. तोवर पावसाचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. तलावांत गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला हात लावायचा तर कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे गाळ तसाच राहतो, आणि मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी तुंबतं. तुमची भीती खरी आहे, मेसेजने सांगितलेलं कारण खोटं आहे. आणि कारण खोटं असलं की माणूस नेमका नको तिकडे पळतो. धरणाच्या धास्तीने लोक खाडीकडे निघाले होते!

तळमजला
हे पटलं. पण भरतीचं वेळापत्रक माझ्या आईला कोण वाचून दाखवणार? तिला "पाणी येतंय" एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर ती उठून गाद्या वर ठेवते. तुमच्या तपासण्या शिकल्यासवरलेल्यांसाठी ठीक आहेत.

दिवाळेकर
आईंना कमी लेखू नका दादा. आमच्या कोळीवाड्यात म्हातारी माणसं भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. अमावास्या-पुनवेच्या आगेमागे उधाण. त्यात पाऊस लागला की होड्या वर, सामान वर. त्यासाठी मोबाइल लागत नाही.

ठाणे पूर्व
"खोटा निघाला तर काय बिघडलं" याला माझा सक्त विरोध. त्याच २००५ च्या पुरात, दोन दिवसांनी, जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येतोय अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. तिथेही प्रत्येक जण "सावध राहा" म्हणूनच मेसेज पाठवत होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. २०२० पासून खूप फिरलेला, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. लोकांनी त्यावरही उपाय काढलाय: कॉपी-पेस्ट. बाण गायब, मजकूर नवा कोरा.

नुसता प्रश्न
अधिकृत म्हणजे खरं, हे तरी कुठून आलं? रेड अलर्ट देतात, शाळा बंद होतात, आणि दुपारी गच्चीवर वाळवण घालावं असं ऊन.

नेरूळवाला
अधिकृतही तपासूनच वाचावं, मान्य. पण नीट वाचावं. अलर्ट जिल्ह्याला असतो. ठाणे जिल्ह्यात नवी मुंबई आली तशी शहापूर-मुरबाडही आली. अतिमुसळधारच्याही वरचा टप्पा म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त. तोही बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी" असं लिहिलेलं असतं. हे दोन शब्द बातमीत गळतात आणि ग्रुपवर पोचेपर्यंत अख्खा जिल्हा बुडालेला असतो. नेरूळला ऊन पडलं म्हणून अंदाज चुकला असं होत नाही, शहापुरात काय झालं तेही बघा.

नुसता प्रश्न
म्हणजे अंदाज कधी चुकतच नाही म्हणा की! कुठेतरी तुरळक पडणारच.

नेरूळवाला
चुकतो, नक्की चुकतो. पण पुढच्या तीन तासांचा इशारा वेगळा निघतो, तो बघत जा. चार दिवस आधीच्या बातमीवर हवामान खात्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

तळमजला
असो. पुढच्या वेळी मी मोरबेचं नाव काढणार नाही. "उधाण आहे, तळमजल्यावाल्यांनी सामान वर घ्या" एवढंच टाकीन. मात्र टाकीन रात्री अकरालाच, कुणाची परवानगी न घेता.

खाडीकाठ
भरतीची वेळही टाका. आणि गाड्या पाम बीचला नकोत!