सिगारेटच्या पाकिटातला शिपाई: आपला अभिमान की त्यांचा धंदा?

चिकटपट्टी: काल इथे एकाने प्लेअर्स सिगारेटच्या पाकिटात मिळणाऱ्या चित्रांच्या १९३८ च्या संचातले (ब्रिटिश साम्राज्याचे लष्करी गणवेश) फेटेवाले स्वार टाकून वर लिहिलं, "बघा, गोऱ्यांनीही आपलं शौर्य मान्य केलं!" तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, ते कागद नॉटिंगहॅमच्या सिगारेट कंपनीचे! मुळात पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठा घालायचे. मग त्यावर चित्रं आली, आणि पन्नासचा संच पुरा करायला पोरं बापाच्या पाकिटावर टपून बसू लागली. आणि शौर्य? विल्स या दुसऱ्या सिगारेट कंपनीने १९१५ साली वॉटर्लूच्या (नेपोलियनच्या फ्रेंचांना हरवलं ती लढाई) शताब्दीचा संच तयार केला, पण बाजारात आणलाच नाही. तोवर पहिल्या महायुद्धात फ्रेंच दोस्त झाले होते ना! स्वतःचा विजय असा गुंडाळून ठेवणाऱ्यांकडून आपण प्रमाणपत्र घ्यायचं?

फौजीचा_पणतू: लेक्चर झालं? माझे पणजोबा मराठा पलटणीतून पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यात होते. उपाशी राहिले, पण घोड्याचं मांस शिवले नाहीत म्हणतात. घरात त्यांचा एक फोटो नाही. त्या स्वाराकडे बघून माझ्या पोराची मान ताठ झाली तर तुमच्या पोटात का दुखतं?

एकशेअकरा: "आपलं" म्हणजे कोणाचं, तेवढं सांगा. महारांची भरती १८९२ च्या सुमारास बंद केली. गोपाळ बाबा वलंगकरांनी, स्वतः निवृत्त महार फौजी, १८९४ ला ती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला, उपयोग शून्य. १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण काढली, त्यात माझे पणजोबा. १९२१ ला पलटण मोडली, पणजोबा परत गावकीच्या कामाला. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ ला. १९३८ च्या संचात भिंग घेऊन शोधा आम्हाला.

फौजीचा_पणतू: आली जात! सिगारेटच्या चित्रातसुद्धा!

एकशेअकरा: मी आणली? भरतीच्या रांगेत "लढाऊ जाती" कोणी ठरवल्या? कंपनीने त्याच यादीला रंग दिला.

पिवळी_कडा: भांडा खुशाल, पण १९३८ च्या चित्रांना मागे डिंक असायचा. वहीत चिकटवली की भाव गेला. एका विक्रेत्याने मला "कोरा संच" म्हणून पाठवला, मागे अर्धी वही चिकटलेली! पैसे मागितले तर फोन उचलेना.

चिकटपट्टी: पिवळे, विषय काय, तुमचं काय!

फौजीचा_पणतू: बरं बाबा, धंदा होता, मान्य. आता पदक पाठवू का? त्या स्वाराची फ्रेम मात्र भिंतीवरच राहणार. आणि एकशेअकरा, आमच्यात हे कधी कोणी बोललंच नव्हतं.

एकशेअकरा: बोलणार कोण? पणजोबांचा डिस्चार्जचा कागद आहे घरी. घडीवर फाटलाय.

पिवळी_कडा: त्याला चिकटपट्टी लावू नका! (आयडीला नाही, कागदाला म्हणतोय.)