मदत हवी आहे: पाईप बेंडिंग मशीनचा कोन मोजायला मॅग्नेटिक सेन्सर की ऑप्टिकल एन्कोडर?

हाताने चालवायच्या पाईप बेंडिंग मशीनवर वाकाचा कोन डिस्प्लेवर दाखवायचा आहे. शाफ्ट 0 ते 180 अंश फिरतो, अचूकता अर्धा अंश पुरे.

सध्या एएस5600 (शाफ्टच्या टोकावरच्या चुंबकावरून कोन मोजणारा मॅग्नेटिक सेन्सर) बसवलाय. 12 बिट, म्हणजे एका फेऱ्यात 4096 पायऱ्या, साधारण 0.09 अंशाची एक. कागदावर भरपूर! रीडिंग स्थिरही आहे, पण डिजिटल प्रोट्रॅक्टरशी ताडलं तर 90 च्या आसपास 1.8 अंशाची चूक येते. गंमत म्हणजे दर वेळी तेवढीच.

चुंबक व्यासाच्या दिशेनेच चुंबकित केलेला आहे, ते तपासलं. शाफ्ट लोखंडी म्हणून मध्ये पितळी होल्डर टाकला, चुंबक आणि सेन्सरमधलं अंतर 2 मिमी ठेवलं, 16 रीडिंगची सरासरी घेतली. होल्डरने थोडा फरक पडला, सरासरीने काहीच नाही. चुंबक केंद्रापासून सरकलाय असा संशय आहे, पण लेथ हाताशी नाही.

दुसरा पर्याय एका फेऱ्यात 600 पल्स देणारा ऑप्टिकल एन्कोडर (प्रकाशाच्या मदतीने फिरणं मोजणारा). चारपट मोजणी केली की 2400, म्हणजे 0.15 अंश. पण तो इन्क्रिमेंटल, म्हणजे वीज गेली की कोन विसरतो. आमच्याकडे वीज सारखी जाते आणि दर वेळी शून्य लावायला कामगार वैतागतील. शिवाय तेल आणि ग्राइंडिंगची धूळ. बजेट 3000 रुपये.

चूक ठरावीकच आहे, तर दर 10 अंशांना करेक्शन टेबल करून भागेल का, की मशीनच्या हादऱ्यांनी चुंबक सरकून ते टेबल महिन्याभरात बाद होईल? कोणी प्रत्यक्ष वापरून पाहिलंय?