तैपेईच्या रात्रबाजारात माळकरी आईला काय खाऊ घालू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन तैवानला जातोय. तैपेईचा राओहे रात्रबाजार आईला दाखवायचाच आहे. सोंगशान मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की समोर सीयू मंदिर, माझू या समुद्रदेवीचं, 1753 सालचं. त्याला लागूनच सुमारे 600 मीटरची गल्ली. आधी देवीचं दर्शन, मग बाजार, असा बेत आहे.

अडचण खाण्याची. आई माळकरी आहे. कांदा-लसूणही चालत नाही. बाजाराच्या तोंडाशीच तंदूरसारख्या भट्टीत मिरीचे पाव भाजतात, पण त्यात डुकराचं मांस असतं. दिलासा एवढाच की तिथल्या बौद्ध शाकाहारातही कांदा-लसूण वर्ज्य असतो आणि अशा दुकानांवर 'सू' हे चिनी अक्षर लिहिलेलं असतं.

कुणी नुकतंच जाऊन आलं असेल तर सांगा: राओहेत 'सू' पाटीचे ठेले नेमके कुठे लागतात? तळलेल्या टोफूचं तेल वेगळं असतं का, की त्यातच मांसही तळतात? शेंगदाण्याच्या चिक्कीचा कीस, आइस्क्रीम आणि कोथिंबीर पातळ पोळीत गुंडाळून देतात, ते आईला नक्की आवडेल. त्यात अंडं असतं का?

बाबांचे गुडघे दुखतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास, दुकानं उघडता उघडता गेलो तर गर्दी कमी मिळेल का? मध्ये कुठे बसायला जागा आहे का? मेट्रोत खायला बंदी आहे, म्हणून जे काही खायचं ते तिथेच.

चिनीत लिहिलेली 'मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण नको' अशी चिठ्ठी कुणाकडे असेल तर कृपया फोटो पाठवा.