नेटिव्ह टायटलच्या जमिनीवर धंदा: पीबीसीनेच करावा की वेगळी कंपनी काढावी?

सातबारा
मुद्दा ऑस्ट्रेलियातला आहे. मूळनिवासींचा परंपरेने चालत आलेला जमिनीचा हक्क (नेटिव्ह टायटल) मान्य करणारा १९९२चा माबो निकाल, त्यावरून १९९३चा नेटिव्ह टायटल कायदा. कोर्टाने एखाद्या मूळनिवासी समाजाचा हक्क मान्य केला की तो सांभाळायला संस्था नोंदवावीच लागते, तिला पीबीसी म्हणतात. गुरं, रानफळं, पर्यटन, सौर वीज, जो काही धंदा काढायचा तो या संस्थेनेच करावा का? माझं मत: अजिबात नाही. नेटिव्ह टायटलवर कर्ज वसूल करणाऱ्यांची जप्ती येत नाही, कलम ५६चं संरक्षण आहे. पण ते संरक्षण संस्थेच्या बँक खात्याला, गाड्यांना, फ्रीजरला नाही. धंदा बुडाला की संस्थेवर प्रशासक बसू शकतो, आणि नेमकी तेव्हाच खाणपट्ट्याची नोटीस आली तर? नोटिशीपासून सहा महिन्यांत वाटाघाटी जुळल्या नाहीत की प्रकरण ट्रिब्युनलकडे (नेटिव्ह टायटलच्या लवादाकडे) नेता येतं. त्या सहा महिन्यांत समाजाच्या बाजूने बोलणार कोण? म्हणून वर पीबीसी, खाली तिच्याच १०० टक्के मालकीची कंपनी, आणि दोघींमध्ये जागा वापरण्याचा लेखी, भाड्यासकट करार.

फडावरचा
कागदावर छान दिसतं. दोन संस्था म्हणजे दोन हिशेब, दोन संचालक मंडळं, दोन वकील. चार फ्रीजर आणि एक जनरेटर एवढ्यावर चालणाऱ्या रानफळांच्या धंद्यात नफा त्यातच जातो. दुसरं, जास्त महत्त्वाचं. पीबीसीला जमिनीच्या हक्कावर परिणाम करणारा निर्णय घ्यायचा तर १९९९च्या नियमांप्रमाणे हक्कधारकांशी सल्लामसलत करून त्यांची संमती घ्यावी लागते. कंपनीच्या रोजच्या निर्णयांना असं काही बंधन नाही. म्हणजे मालकी समाजाची आणि कारभार पाच संचालकांचा. मूळनिवासी संस्थांसाठी २००६चा खास कायदा आहे, त्यात लहान संस्थेला अहवालांचं ओझं कमी. तिथेच राहा, वाढलात की वेगळे व्हा.

सातबारा
वाढल्यावर वेगळं होणं सर्वांत महाग पडतं, साहेब. करार, परवाने, विमा, कामगार, सगळं नव्या नावावर. आणि संमतीचं म्हणाल तर कंपनीच्या घटनेत लिहून घ्या: ठरावीक रकमेपेक्षा मोठं कर्ज, नवा भागीदार, मालमत्तेची विक्री, या तिन्हींना पीबीसीचा ठराव हवा.

निवाडा_वाचा
दोघांनीही पहिली पायरी गाळली. विकण्याचा हक्क आहे का? बऱ्याच निवाड्यांत हक्क 'वैयक्तिक, घरगुती, अव्यापारी' गरजांपुरताच असतो. पॅस्टोरल लीजच्या (गुरं चारायला सरकारने भाडेपट्ट्याने दिलेल्या) जमिनीवर तर तो अनन्यही नसतो, म्हणजे इतरांना बाहेर ठेवता येत नाही. पट्टेदाराची गुरं तिथे चरतच राहतात. २०१३च्या अकिबा खटल्यात हायकोर्टाने (तिकडचं हेच सर्वोच्च न्यायालय) टोरेस सामुद्रधुनीच्या लोकांचा विक्रीसाठी मासे धरण्याचा हक्क मान्य केला, पण मासेमारीचा परवाना त्यांनाही चुकला नाही. २०१९च्या टिंबर क्रीक निकालात अनन्य नसलेल्या हक्काची आर्थिक किंमत पूर्ण मालकीच्या ५० टक्के धरली गेली.

वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीतलं गुबिंगे घ्या (आपल्या हिरड्या-बेहड्याच्या कुळातलंच झाड, 'क' जीवनसत्त्वाने भरलेलं फळ). सरकारी जमिनीवरून विक्रीसाठी तोडायचं तर राज्याचा परवाना लागतो. तेव्हा क्रम असा: निवाड्यातली हक्कांची यादी, मग त्या तुकड्यावर लीज कोणाची ते, मग परवाना, आणि कंपनी शेवटी. उलट क्रमाने गेलात तर फळ फ्रीजरमध्ये पडून राहतं आणि खरेदीदार मूळ परवाना मागतो.

फडावरचा
इथे आपला वनहक्क कायदा उजवा आहे. २००६च्या कायद्याच्या कलम ३(१)(ग)मध्ये गौण वनोपजाची मालकी आणि विल्हेवाट दोन्ही स्पष्ट लिहिलंय, म्हणजे विकण्याचा हक्क आला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती पडायला २०११ उजाडलं. आणि तिथे विक्री ग्रामसभाच करते, कंपनी नाही.

सातबारा
बांबू आणि तेंदूपत्त्यात ग्रामसभेला यंत्रं घ्यावी लागत नाहीत, भांडवल ठेकेदाराचं. त्याने पैसे थकवले की काय होतं ते गडचिरोलीला विचारा. सौर प्रकल्पाला ते चालत नाही, कर्ज लागतं, आणि नेटिव्ह टायटल गहाण पडत नाही. उपाय आहे: आयएलयूए (हक्कधारकांशी जमीन वापराचा नोंदणीकृत करार) करून कंपनीला २० किंवा ३० वर्षांची लीज द्यायची, करारात हक्क न संपवण्याचं तत्त्व लिहून. तेवढी वर्षं हक्क दबलेला, मुदत संपली की पुन्हा पूर्ववत. बँक लीजवर कर्ज देते.

निवाडा_वाचा
आणि हप्ते थकले की उरलेली वर्षं बँक ज्याला विकेल तो तुमच्या जमिनीवर बसणार. 'पीबीसीच्या संमतीशिवाय हस्तांतर नाही' असं कलम बँक मान्य करेलच असं नाही. त्याऐवजी पीबीसीला ठरावीक मुदतीत, म्हणा ९० दिवसांत, आधी विकत घेण्याचा हक्क मागावा. भागीदारीतही तीच मेख. पूर्व किंबर्लीतल्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पाची कंपनी २०२३मध्ये तीन मूळनिवासी संस्था आणि पोलिनेशन ही गुंतवणूक कंपनी यांनी प्रत्येकी २५ टक्के धरून काढली. अशा रचनेत भागीदारांकडे आणखी भांडवल मागितलं जातं तेव्हा ज्याच्याकडे रोकड नाही त्याचा हिस्सा घटतो. हिस्सा घटणार नाही, वाटा पुढच्या नफ्यातून वळता होईल, हे पहिल्याच करारात हवं. नंतर कोणी देत नाही.

फडावरचा
सौर प्रकल्पापुरतं मान्य. चार फ्रीजरला मात्र अजूनही कंपनी नको.